कॉपिमिझम: नक्कल पवित्र मानायची, तर फाइल वाटायची कशी

माहितीची नक्कल करणं हे पवित्र कर्म आहे, असं मानणारा एक धर्मसमुदाय स्वीडनमध्ये सरकारदरबारी रीतसर नोंदला गेला. उप्साला विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या इसाक गेर्सन या तरुणाने २०१० मध्ये तो सुरू केला आणि नोंदणी झाल्याची बातमी २०१२च्या जानेवारीत जगभर गेली. कॉपिमिझम हे या श्रद्धेचं नाव. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही ही तिची पवित्र चिन्हं. नक्कल केली तरी मूळ प्रत जागच्या जागी राहते आणि माहितीचं मोल वाढतं. एखाद्याच्या निर्मितीची नक्कल करणं म्हणजे त्याला मान देणं. आणि जुन्यात नवं मिसळून केलेली नक्कल, जिला हे लोक कॉपिमिक्स म्हणतात, ती हुबेहूब नकलेपेक्षाही वरची. श्रद्धेचा गाभा हा एवढा.

ज्या भाषेतलं वाङ्मय छापखाना येण्याआधी पाचशेहून अधिक वर्षं हाताने उतरवून घेणाऱ्यांनी जगवलं, त्या भाषेत ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. मात्र नक्कल पवित्र मानली की नक्कल करणाऱ्यावर जबाबदारी येते. प्रत पूर्ण हवी, स्वच्छ हवी, ती कुठून आली हे तिच्यातच लिहिलेलं हवं आणि दहा वर्षांनीही ती मिळायला हवी. पंधरा पानं गहाळ असलेली पीडीएफ टेलिग्रामवर टाकायची आणि चार दिवसांत तो चॅनेल बंद पडायचा, यात माहितीचं काहीच भलं होत नाही. पुढची रीत टिकणाऱ्या प्रतींसाठी आहे.

नोंदणीने काय मिळतं

स्वीडनमध्ये १ जानेवारी २००० रोजी राज्य आणि चर्च वेगळे झाले, त्याच दिवशी धर्मसमुदायांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. काम्मारकोलेगिएट नावाचं सरकारी कार्यालय ही नोंदणी करतं. घटना, नाव, कार्यकारी मंडळ आणि उपासनेची ठरलेली पद्धत एवढं दाखवावं लागतं. कॉपिमिस्टांचे पहिले अर्ज याच शेवटच्या अटीवर अडले. श्रद्धा काय आहे हे लिहिलं होतं, पण प्रार्थना किंवा ध्यान नेमकं कसं करता ते मांडलेलं नव्हतं. माहिती एकमेकांना देण्या-घेण्याचा विधी कागदावर आला आणि तिसऱ्या खेपेला काम झालं.

या नोंदणीने समुदायाला कायदेशीर अस्तित्व मिळतं. लग्न लावायचा अधिकार वेगळा मागावा लागतो, सरकारी अनुदान वेगळं. आणि कॉपीराइट कायद्यातून सूट तर अजिबात मिळत नाही. बातमी आल्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १ फेब्रुवारी २०१२ रोजी स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने पायरेट बे या फाइलवाटपाच्या संकेतस्थळाच्या खटल्यातलं अपील ऐकायलाही नकार दिला. एप्रिल २००९ मध्ये चौघांना एक वर्ष कैद आणि ३ कोटी क्रोनर भरपाई असा निकाल लागला होता. नोव्हेंबर २०१०च्या अपिलात तिघांची कैद कमी झाली, पण भरपाई ४ कोटी ६० लाखांवर गेली. श्रद्धेला मान्यता देणारा आणि फाइलवाटपाला शिक्षा करणारा देश एकच होता.

भारतात धर्म 'नोंदवण्याची' सोयच नाही. गट करायचा असेल तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवता येते, किंवा महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास करता येतो. त्याने बँक खातं उघडता येईल, सर्व्हरचं भाडं संस्थेच्या नावाने भरता येईल. 'आमच्या धर्माचं आचरण आहे' हा बचाव मात्र उभा राहणार नाही. संविधानाचं कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन आहे, आणि धर्माचरणाला जोडलेल्या आर्थिक व्यवहारांचं नियमन करायची मुभा राज्याला तिथेच दिलेली आहे. शिवाय नव्या पंथांकडे न्यायालय बारकाईने पाहतं. १९८३ मध्ये आनंदमार्गीयांच्या तांडव नृत्याचा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पंथ १९५५ चा आणि नृत्य १९६६ चं, हे ध्यानात घेऊन ते श्रद्धेचं अत्यावश्यक अंग मानायला नकार दिला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तो न्यायालयाचा अधिकार आहे, तुमचा हक्क नाही.

आधी हिशोब: हे वाटता येतं का

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून कॉपीराइटची ६० वर्षं मोजायची; ती संपली की लेखन मुक्त, म्हणजे परवानगीशिवाय वाटता येणारं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं १ जानेवारी २०११ पासून मुक्त. बाबासाहेब आंबेडकर १९५६ मध्ये गेले. त्यांच्या हयातीतलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त. हरिभाऊ आपटे, गडकरी, केशवसुत, बालकवी, महात्मा फुले, लोकमान्य टिळक या सगळ्यांचं स्वतःचं लेखन कधीच खुलं झालेलं आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबायचं. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९ संपेपर्यंत.

पहिली चूक इथे होते: मरणोत्तर प्रकाशन. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या मजकुराची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या, तेव्हा त्या आवृत्तीतल्या कविता १ जानेवारी २०१३ पासून मुक्त. बाबासाहेबांचं जे लिखाण हस्तलिखितात पडून होतं आणि पुढे शासनाच्या खंडांत प्रथम छापलं गेलं, त्याला हाच नियम. १९८७ मध्ये पहिल्यांदा छापलेला मजकूर २०४७ च्या अखेरपर्यंत बंद.

दुसरी चूक: पुस्तकाला एकच मालक असतो असं समजणं. बहिणाबाईंच्या त्या पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे १९६९ मध्ये गेले. प्रस्तावना २०२९ संपेपर्यंत वाटता येत नाही. मुखपृष्ठ चित्रकाराचं, टिपा संपादकाच्या, अर्थ देणारा वेगळाच. ज्ञानेश्वरीची ओवी कुणाच्याही मालकीची नाही, पण तिच्याखाली छापलेला आधुनिक गद्यार्थ बहुधा कुणाच्या तरी मालकीचा असतो. म्हणून स्कॅन करण्याआधी पुस्तकातल्या प्रत्येक हाताची यादी करा: मूळ लेखक, प्रस्तावना, संपादन, अनुवाद, चित्रं. प्रत्येकापुढे मृत्यूचं वर्ष लिहा. एखादा हात बंद निघाला तर तेवढी पानं वगळा आणि वगळल्याचं पहिल्या पानावर स्पष्ट लिहा.

गाण्यांत तीन थर असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षांनी मोकळं होतं, पण शब्द आणि चाल त्या-त्या माणसाच्या मृत्यूपासून मोजायची. खाडिलकरांचं नाट्यपद (निधन १९४८), भास्करबुवा बखल्यांची चाल (निधन १९२२) आणि बालगंधर्वांची तेव्हाची ध्वनिमुद्रिका असेल तर तिन्ही थर मोकळे. गदिमांचे शब्द (१९७७) आणि बाबूजींची चाल (२००२) असेल, तर मुद्रण पन्नासच्या दशकातलं असलं तरी शब्दांसाठी २०३७ आणि चालीसाठी २०६२ संपायची वाट पाहावी लागते. जुन्या तबकडीवर अलीकडे साफसफाई करून काढलेल्या आवृत्तीवर कंपनी स्वतःचा दावा सांगते. वाद टाळायचा तर मूळ तबकडीवरूनच उतरवा आणि तबकडीच्या लेबलाचा फोटो सोबत ठेवा.

तिसरी अडचण सर्व्हर कुठल्या देशात आहे याची. १९९६ च्या सुरुवातीला भारतात ज्याचा हक्क जिवंत होता, त्या पुस्तकाला अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळतात. साने गुरुजींचं १९३५ मध्ये छापलेलं पुस्तक भारतात मुक्त असलं तरी अमेरिकेत २०३० च्या अखेरपर्यंत बंद आहे. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या फाइल-साठ्याला दोन्ही देशांत मुक्त असलेलंच चालतं, म्हणून तिथे चढवलेली अशी फाइल वगळली जाते आणि चढवणारा बुचकळ्यात पडतो. लेखक १९४० पर्यंत गेलेला असेल आणि पुस्तक त्याच्या हयातीतलं असेल तर ही अडचण येत नाही. बाकीच्यांसाठी भारतातला सर्व्हर किंवा स्वतःचं टॉरेंट (संगणकांनी एकमेकांना थेट फाइल देण्याची पद्धत, पुढे पाहा) बरं.

हक्क जिवंत असतानाही कायदा काही नकला करू देतो, आणि मराठी ग्रंथालयं याचा उपयोग फार कमी करतात. विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ते ठेवू शकतं. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढू शकतं. अंध आणि इतर अपंग वाचकांना वापरता येईल अशा रूपात, उदाहरणार्थ बोलक्या पुस्तकाच्या रूपात, पुस्तक करून ना-नफा तत्त्वावर त्यांना देता येतं. शिक्षक वर्गात शिकवताना लागणारा भाग उतरवून देऊ शकतात. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे उचलून धरलं. न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर निकालपत्रं आणि तसंच राजपत्रातला मजकूरही उतरवता येतो. स्वतःच्या अभ्यासापुरती स्वतःसाठी केलेली नक्कल चालते. मात्र यातली कुठलीच सूट 'सगळ्यांसाठी खुली लिंक' टाकायची परवानगी देत नाही.

स्कॅन: अनुस्वार वाचवा

डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच असतं. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं तर न आवळलेलं एक पान सव्वाबारा ते तेरा एमबी होतं, दोनशे पानांचं पुस्तक अडीच जीबी. या मूळ प्रतिमा जपून ठेवायच्या. वाटायची ती त्यांवरून केलेली पीडीएफ. टाइप बारीक असेल, तळटीपा असतील तर ४०० डीपीआय घ्या.

स्कॅनर नसेल तर १२ मेगापिक्सेलचा फोन चालतो. उघडलेली दोन पानं मिळून अकरा इंच रुंद असतात; ती चौकटीत पूर्ण भरली तर साधारण ३६० डीपीआय मिळतो. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली की तो ३०० च्या खाली घसरतो, म्हणून जवळून घ्या. फोन स्टँडवर, पानाला समांतर. प्रकाश दोन्ही बाजूंनी, खिडकीचा एकाच बाजूचा नको, कारण पुस्तकाच्या शिवणीपाशी सावली पडते आणि ओळींचे शेवटचे शब्द ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाहीत.

स्कॅनिंग ॲपचं काळं-पांढरं 'दस्तऐवज' फिल्टर बंद ठेवा. ते कागदाचा पिवळेपणा घालवताना अनुस्वार, रफार आणि तुटक्या टाइपातले उकारही घालवतं. कर्कश काळ्या-पांढऱ्यात 'मंद' आणि 'मद' यांत फरक उरत नाही, आणि गेलेला ठिपका नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. राखाडी छटांत घ्या, मग हवं तर उजळा.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये मराठीची विदा वेगळी उतरवून घ्यावी लागते. हिंदीची वापरली तर 'ळ' आणि 'ऱ्य' यांचे हाल होतात. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ठरलेल्या गफलती होतात: 'ख' चा 'रव', 'घ' चा 'ध', 'भ' चा 'म', 'थ' चा 'य'. आधी या जोड्या शोधून तपासा, मग सरळ वाचन करा. तपासणारी माणसं दोन हवीत, कारण ज्याने एकदा चूक बरोबर म्हणून वाचली तो दुसऱ्यांदाही तशीच वाचतो. मराठी विकिस्रोतावर पान-पान तपासायची अशीच दुहेरी व्यवस्था आहे. मजकूर तिथे बसत असेल तर वेगळी यंत्रणा उभारण्यापेक्षा तिथेच काम करा.

प्रकाशकाकडून मूळ डीटीपी फाइल मिळाली तर बहुतेकदा ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असते. पडद्यावर मराठी दिसते, पण चिकटवली की रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. असा मजकूर शोधता येत नाही, ऐकवता येत नाही, मिसळता येत नाही. युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय वाटू नका. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा खास पाहा. रूपांतरक तिथेच घसरतात.

प्रतीची ओळख

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात स्वतःची ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, असं बजावलं. कॉपिमिस्टांच्या कॉपिमिक्सशी हे उघड भांडण आहे. आमच्या मते दोघांचंही पाळता येतं, अट एकच: मूळ प्रत आणि मिसळलेली प्रत या कायम वेगळ्या फाइली हव्यात, आणि मूळ प्रतीवर बोट ठेवून दाखवता यायला हवं.

त्यासाठी प्रत्येक फाइलच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तिच्यात पुस्तकाचं नाव, लेखक आणि त्याचं मृत्युवर्ष, कुठली आवृत्ती आणि तिचं वर्ष, मूळ छापील प्रत कुठल्या ग्रंथालयात आहे, काय वगळलं, स्कॅन कधी झालं, आणि मुक्त असल्याचा हिशोब एका ओळीत. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मोकळ्या जागा न सोडता ठेवा. देवनागरी नावं जुन्या विंडोजवर झिप उघडताना प्रश्नचिन्हं होतात.

मग ठसा काढा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारी तिची ओळख. सेव्हन-झिप बसवलं असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६ निवडलं की ६४ अक्षरांची ओळ मिळते. फाइलमधला एक अनुस्वार बदलला तरी ती ओळ पार बदलते. ती त्याच टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणीही जाहीर ठेवा, कारण फाइल बदलणारा सोबतची ओळही बदलू शकतो. पेनड्राइव्हवरून देत असाल तर ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. व्हॉट्सॲपवर प्रतिमा पाठवायच्या तर 'दस्तऐवज' म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवल्या की त्या आवळल्या जातात आणि ठसा जुळत नाही.

टॉरेंट बनवताना

बिटटॉरेंटची पद्धत २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी आणली. ती बेकायदा नाही. बेकायदा असू शकते ती आतली फाइल. फाइलचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याचा ठसा टॉरेंटमध्ये नोंदलेला असतो आणि घेणारा प्रत्येक जण लगेच देणाराही होतो.

क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या ॲपमध्ये 'टूल्स' खाली टॉरेंट बनवायची सोय आहे. तुकड्यांची संख्या हजार ते दोन हजारांच्या आसपास ठेवा: ६०० एमबीच्या संचाला ५१२ केबीचा तुकडा, ४ जीबीला ४ एमबीचा. तुकडे फार बारीक केले तर टॉरेंट फाइलच जड होते; फार मोठे केले तर एक तुकडा पूर्ण होईपर्यंत घेणाऱ्याला पुढे काही देता येत नाही. 'प्रायव्हेट' ही खूण काढून टाका. ती असली की ट्रॅकरशिवाय (देणाऱ्या-घेणाऱ्यांची गाठ घालून देणारा सर्व्हर) एकमेकांना शोधायची व्यवस्था बंद होते आणि ट्रॅकर बंद पडला की टॉरेंट मरतं.

टॉरेंट बनवण्याआधी फाइल अंतिम करा. नंतर एक टंकनचूक जरी दुरुस्त केली तरी नवं टॉरेंट होतं, जुनी आणि नवी मंडळी दोन गटांत विभागतात आणि दोन्हीकडे देणारे कमी पडतात. दुरुस्त्या साठवून ठेवा आणि वर्षाकाठी एकदा नवी आवृत्ती काढा.

बीज टाकताना, म्हणजे पूर्ण फाइल इतरांना देत राहताना, अपलोडचा वेग पाहा. १० एमबीपीएस अपलोड असेल तर ४ जीबीची एक पूर्ण प्रत बाहेर जायला जवळपास तास लागतो. 'उपलब्धता' हा आकडा १ च्या खाली असेल तर इतर सगळ्यांचे तुकडे एकत्र करूनही पूर्ण फाइल होत नाही असा अर्थ. तुम्ही बंद केलं की सगळे ९७ टक्क्यांवर अडकून बसतात. तुम्हाला वगळून किमान तीन पूर्ण प्रती दिसेपर्यंत संगणक चालू ठेवा. फोल्डर हलवलं किंवा नाव बदललं की बीज थांबतं. नवी जागा दाखवा आणि 'फोर्स रिचेक' चालवा.

भारतात नेहमी भेटणारी अडचण म्हणजे बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवलं आहे, आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही. आयपीव्ही-६ (नव्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता) मिळत असेल तर ते राउटर आणि टॉरेंटचं ॲप दोन्हीत सुरू करा. नसेल तर फाइल इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. तिथे टॉरेंट आपोआप बनतं आणि आर्काइव्हचा सर्व्हर कायमचा बीज देत राहतो. अमेरिकेतला हिशोब वर सांगितला आहे, तो आधी करा.

स्वतःचं खुलं करायचं तर

मालकीचं नसलेलं वाटण्यावर जेवढी भांडणं होतात, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही स्वतःचं खुलं करण्यावर बोललं जात नाही, आणि श्रद्धेची खरी कसोटी तिथे आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने यासाठीच आहेत. मिसळू द्यायचं असेल तर 'ॲट्रिब्युशन' (श्रेय द्या) किंवा 'शेअरअलाइक' (बदललेलंही त्याच परवान्याखाली द्या) घ्या. 'नो-डेरिव्हेटिव्ह्ज' (फेरबदल नको) घेतलं तर अनुवाद करूनही कुणी तो वाटू शकणार नाही. 'नॉन-कमर्शियल' (व्यापारी वापर नको) घेतलं तर विकिपीडियावर तुमचं काहीच जाणार नाही, आणि शेअरअलाइकवाल्या मजकुराशी ते मिसळताही येणार नाही. दिलेला परवाना परत घेता येत नाही, म्हणून आधी हक्क खरोखर तुमच्याकडे आहे का ते पाहा.

बऱ्याच मराठी लेखकांचा समज असतो की पुस्तक दिलं म्हणजे हक्क कायमचा प्रकाशकाकडे गेला. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं. १९९५ च्या मे महिन्यानंतर झालेल्या करारांना हे लागू आहे. करारात वेगळं म्हटलेलं नसेल आणि प्रकाशकाने एका वर्षात हक्क वापरलाच नाही, तर हस्तांतर संपतं. जुना करार शोधून काढा आणि मुदतीची ओळ वाचा. हक्क पूर्णपणे सोडायचा असेल तर कलम २१ खाली कॉपीराइट निबंधकाला ठरलेल्या नमुन्यात कळवून किंवा जाहीर सूचनेने तो सोडता येतो.

दिवंगत लेखकाच्या वारसांकडून परवानगी घेताना एकाच पुतण्याचा होकार पुरत नाही. हक्क सगळ्या वारसांचा असतो. 'आम्ही, अमुक लेखकाचे सर्व कायदेशीर वारस, अमुक पुस्तकाची अमुक आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० या परवान्याखाली खुली करत आहोत. व्यापारी वापर आणि फेरबदल यांनाही परवानगी आहे' असं एकच वाक्य, सगळ्यांच्या सह्या आणि तारीख पुरे. 'नेटवर टाकायला हरकत नाही' असं पत्र घेऊ नका. पुढच्या माणसाला त्यावरून काहीच करता येत नाही.

जिवंत लेखकाचं, दुकानात मिळणारं नवं पुस्तक वाटावं का? कॉपिमिस्ट हो म्हणतील. त्यांच्या श्रद्धेत अपवाद नाही. आम्ही नाही म्हणतो. मराठीत आवृत्ती अनेकदा हजाराच्या आसपास प्रतींची असते. एवढ्या लहान आवृत्तीत शंभर फुकट पीडीएफमुळे दुसरी आवृत्ती निघायची राहू शकते, आणि न निघालेल्या आवृत्तीची नक्कल कुणालाच करता येत नाही. याउलट तीस वर्षं छापून न आलेलं, प्रकाशक बंद पडलेला, वारस सापडत नाहीत अशी पुस्तकं ग्रंथालयांच्या कपाटांत वाळवी लागून संपत आहेत. वारसच सापडत नसतील तर कलम ३१-अ खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. आधी वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते, काम रेंगाळतं, पण वाट आहे. ताकद तिथे लावा.

कुणी हरकत घेतली तर

फाइल उतरवायला सांगणारं पत्र आलं की भांडू नका आणि घाबरूही नका. हक्कधारकाने लेखी तक्रार केली तर फाइल ठेवणाऱ्या भारतातल्या सेवादाराला ३६ तासांत दुवा बंद करावा लागतो. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा उघडता येतो, पण सेवादार आपणहून उघडेलच असं नाही, म्हणून दिनदर्शिकेत तारीख लिहून ठेवा. दरम्यान तुमची टेक्स्ट फाइल पाठवा: मृत्युवर्ष, आवृत्ती, मूळ प्रतीच्या शीर्षकपानाचा फोटो. यूट्यूबवर जुन्या ध्वनिमुद्रणांवर येणारे दावे यंत्राने केलेले असतात. तबकडीचं लेबल आणि तिन्ही थरांची वर्षं उत्तरात द्या. तक्रार खरी निघाली, समजा प्रस्तावनेचा लेखक तुमच्या यादीतून सुटला होता, तर तेवढी पानं काढून नवी आवृत्ती करा, नवा ठसा काढा, आणि जुनं टॉरेंट ज्यांच्याकडे आहे त्यांना ते थांबवायला कळवा.